पाऊस, पूर आणि शाळकरी हात : चिपळूणच्या विद्यार्थ्यांसाठी घरगुती विज्ञानप्रकल्प

सह्याद्रीच्या पायथ्याशी, वाशिष्ठी नदीच्या काठी वसलेले चिपळूण हे रत्नागिरी जिल्ह्यातील एक प्रमुख व्यापारी शहर होय. पूर्वेस कुंभार्ली घाट, पश्चिमेस दाभोळच्या खाडीकडे जाणारे नदीचे पात्र, शहरातून वाहत येऊन वाशिष्ठीस मिळणारी शिव नदी आणि गोवळकोटपर्यंत पोचणारी समुद्राची भरती, अशी या शहराची रचना आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस या परिसरात पडतो. त्यातच कोयना जलाशयाचे पाणी बोगद्यांवाटे सह्याद्री ओलांडून पोफळीच्या वीजगृहात येते आणि वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीच्या पात्रात सोडले जाते. म्हणजे पावसाचे पाणी, जलविद्युत प्रकल्पाचे पाणी आणि समुद्राचे पाणी अशा तीन पाण्यांची गाठ चिपळूणजवळ पडते.

ही गाठ किती कठीण होऊ शकते, याचा अनुभव शहराने २००५ च्या जुलै महिन्यात आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी घेतला. २०२१ च्या पुरात बाजारपेठेसह शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. वाशिष्ठीवरील पुलाजवळ पाणी वाढल्याने कोकण रेल्वेची वाहतूक थांबवावी लागली. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेची या दोन्ही पुरांत हानी झाली. त्यानंतर वाशिष्ठी व शिव या नद्यांतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. निळी व लाल पूररेषा हे शब्द तर आता घराघरांत माहीत झाले आहेत. साधारणपणे पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने आणि शंभर वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखविली जाते.

अशा गावातील मुलामुलींना विज्ञानाच्या प्रकल्पासाठी दूरचा विषय शोधण्याची गरज नाही. विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीची प्रतिकृती दरवर्षी मांडली जाते; पण ज्वालामुखी चिपळूणच्या अंगणात येत नाही, पाणी येते. रिकामी बाटली, नरसाळे, रबरी नळी, पन्हळ, टॉर्चचे सेल एवढ्या साहित्यातून त्या पाण्याचा अभ्यास करता येतो. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये व होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ मध्ये मुंबईत झाली. पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे अशा वस्तूंपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी मुलांच्या हाती दिली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. त्याच वाटेने जाणारे पाच प्रकल्प येथे दिले आहेत. ते पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे आहेत.

आरंभीच तीन नियम सांगणे आवश्यक आहे. पत्रा, बाटली किंवा पाइप कापण्याचे काम मोठ्या माणसांनी करावे. विजेच्या प्रयोगासाठी टॉर्चचे सेलच वापरावेत. घरातील विजेच्या जोडणीस हात लावू नये. पावसाळ्यात नदी, पऱ्या किंवा नाल्याच्या काठी मोजमापासाठी कोणीही जाऊ नये. काठावरची सर्व कामे उन्हाळ्यात, शिक्षकांच्या देखरेखीखालीच उरकावीत.

पहिला प्रकल्प : पर्जन्यमापक

“काल दोनशे मिलिमीटर पाऊस पडला” या वाक्याचा अर्थ प्रथम समजून घेतला पाहिजे. पडलेले पाणी वाहून गेले नाही, जमिनीत मुरले नाही आणि वाफ होऊन उडाले नाही, तर सपाट जमिनीवर ते जेवढ्या उंचीचे साचेल, ती उंची म्हणजे पाऊस. म्हणूनच पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये सांगतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. हे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढची सारी गणिते सोपी होतात.

पाऊस मोजण्याची कल्पना फार जुनी आहे. कोठारासमोर एक अरत्नी, म्हणजे सुमारे एक हात, रुंद तोंडाचे भांडे ठेवून पाऊस मोजावा, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. कोरियात राजा सेजोंग याच्या काळात, १४४१ मध्ये, राज्यभर एकसारखी पर्जन्यमापक भांडी ठेवण्याची पद्धत सुरू झाली. दोन्हीकडे हेतू एकच होता : पीक किती येईल आणि सारा किती ठरवावा, याचा अंदाज घेणे.

घरगुती पर्जन्यमापकासाठी सरळ बाजूंची, पारदर्शक, दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी. तिचा वरचा निमुळता भाग कापून काढावा आणि तोच उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवावा. बाटलीचा तळ गोलसर व खाचखळग्यांचा असल्याने तेथे माप चुकते. म्हणून तळाशी नदीतील गुळगुळीत खडे घालावेत आणि खडे बुडून थोडे वर येईल एवढे पाणी भरावे. या पाण्याच्या पातळीवर शून्याची खूण करावी. तेथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. खड्यांच्या वजनामुळे बाटली वाऱ्याने कलंडत नाही, हा आणखी एक लाभ. नरसाळ्याचे तोंड व बाटली यांचा व्यास सारखा असल्याने पट्टीवर दिसेल तेवढाच पाऊस समजावा.

परंतु चिपळूणच्या पावसाला ही बाटली अनेकदा पुरी पडत नाही. तिचा सरळ भाग साधारण पंधरा सेंटिमीटरचा, म्हणजे दीडशे मिलिमीटरचा असतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिमुसळधार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार पाऊस. तिसऱ्या प्रकारात बाटली भरून वाहील आणि नेमकी महत्त्वाची नोंदच हुकेल. यावर उपाय पुढीलप्रमाणे करता येतो.

११.३ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचे नरसाळे घ्यावे. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस सेंटिमीटर होते. हे नरसाळे पाच लिटरच्या अरुंद तोंडाच्या, स्वच्छ धुतलेल्या तेलाच्या कॅनवर घट्ट बसवावे व सांधा मेणाने किंवा चिकटपट्टीने बंद करावा. जमलेले पाणी औषधाच्या किंवा दुधाच्या मापाने मोजावे. १०० चौरस सेंटिमीटर तोंडातून आलेले प्रत्येक १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. पाच लिटरच्या कॅनमध्ये ५०० मिलिमीटरपर्यंतचा पाऊस मावतो. एवढी तयारी अनाठायी वाटू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती, आणि २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरी सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. असा दिवस उजाडल्यास सायंकाळी एकदा कॅन रिकामा करून नोंद घ्यावी व दुसऱ्या दिवशी सकाळची नोंद तीत मिळवावी.

मापक कोठे ठेवावा, यालाही महत्त्व आहे. नारळीपोफळीखाली, पागोळीजवळ किंवा भिंतीच्या आडोशाला तो ठेवू नये. जवळच्या झाडाच्या किंवा इमारतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, मोकळ्या जागी तो असावा. जमिनीवर आपटून उडालेले थेंब आत जाऊ नयेत म्हणून त्याचे तोंड जमिनीपासून निदान ३० सेंटिमीटर उंच ठेवावे. शासकीय पर्जन्यमापकाचे तोंडही सामान्यतः याच उंचीवर असते. नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावी. देशभर हीच वेळ पाळली जाते, त्यामुळे शाळेची नोंद इतर ठिकाणच्या नोंदींशी ताडून पाहता येते. वाचन करताना डोळा पाण्याच्या पातळीत आणावा. पाण्याचा पृष्ठभाग कडेला किंचित वर चढलेला दिसतो, म्हणून मधल्या सखल भागाचे माप धरावे.

दुसरा प्रकल्प : पावसाची वही

मापक तयार झाला की निम्मेच काम होते. एखाद्या दिवसाचा आकडा एकटा फारसे सांगत नाही. सलग चार महिन्यांचे आकडे मात्र पुष्कळ सांगतात. म्हणून वर्गात एक वही ठेवावी. तीत दिनांक, साडेआठची नोंद, आतापर्यंतची एकूण बेरीज, वाऱ्याची दिशा आणि शेरा असे पाच रकाने असावेत. पाऊस न पडल्यास रकाना रिकामा न ठेवता शून्य लिहावे. रिकामा रकाना म्हणजे नोंद झाली नाही, आणि शून्य म्हणजे पाऊस झाला नाही. हा फरक मुलांना लवकर कळलेला बरा. सुटीच्या दिवशी नोंद कोणी घ्यायची, याची पाळी आधीच लावून द्यावी.

आठवड्याच्या शेवटी आलेखकागदावर स्तंभालेख काढावा. घरातील वडीलधाऱ्या मंडळींचा हिशेब नक्षत्रांचा असतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशी पावसाची नक्षत्रे साधारण तेरा-चौदा दिवसांची असतात. त्यांच्या आरंभाच्या तारखा दिनदर्शिकेत दिलेल्या असतात. वहीतील आकड्यांची नक्षत्रवार बेरीज करून, आजोबांचा अनुभव आणि मापकाचा आकडा कोठे जुळतो व कोठे जुळत नाही, हे विद्यार्थ्यांना पाहता येईल. राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली आहेत; त्यांच्या नोंदींशीही शाळेची नोंद ताडून पाहावी. दोन्हींत तफावत आढळल्यास लगेच आपला मापक चुकला असे समजू नये. घाटाच्या पायथ्याशी दोन-चार किलोमीटरच्या अंतरात पाऊस पुष्कळ बदलतो. तफावत रोजची व एकाच बाजूची असेल, तर मात्र मापकाची जागा तपासावी.

याच वहीत गणिताचे पाठही सापडतात. ५० चौरस मीटरच्या कौलारू छपरावर २०० मिलिमीटर पाऊस पडला, तर छपरावरून १०,००० लिटर पाणी खाली येते. एका चौरस किलोमीटरवर ३०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी तीन लाख घनमीटर, म्हणजे ३० कोटी लिटर भरते. डोंगरउतारांवरून असे किती चौरस किलोमीटरचे पाणी एकाच नदीत उतरते, याचा विचार केला म्हणजे काही तासांत नदी का फुगते, ते विद्यार्थ्यांस उमगेल. शिवाय, पावसाळ्यात एवढे पाणी पडूनही काही वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टंचाई का भासते, हा प्रश्नही त्याच्या मनात उभा राहील.

तिसरा प्रकल्प : पन्हळीतील नदी आणि भरती

समुद्राला भरती असताना पूर अधिक का चढतो, हे एका पन्हळीने दाखविता येते. एक मीटर लांबीचा रुंद प्लास्टिकचा पाइप मधोमध उभा कापून त्याची पन्हळ करावी. तिचे एक टोक शाडूच्या मातीने बंद करून ते दोन सेंटिमीटर उंच ठेवावे, हा सह्याद्री. दुसरे टोक एका पसरट घमेल्यात उघडे सोडावे, हा समुद्र. पन्हळीच्या खालच्या अर्ध्या भागात, काठावर, काड्यापेट्यांची घरे ठेवावीत. बुडाजवळ एक भोक पाडलेली बाटली वरच्या टोकाशी धरावी आणि तिच्यातील पाणी सतत एकाच खुणेपर्यंत भरत राहावे. पाण्याची उंची तीच राहिली म्हणजे धारेचा वेगही तोच राहतो. प्रयोगाचे सारे मर्म या एकसारख्या धारेत आहे.

आता तीन वेळा मोजणी करावी. प्रथम घमेल्यात थोडेच पाणी ठेवावे, ही ओहोटी. घरांजवळ पन्हळीतील पाण्याची खोली पट्टीने मोजून लिहावी. नंतर घमेले एवढे भरावे की त्यातील पाणी पन्हळीच्या खालच्या भागात शिरेल, ही भरती. धार तीच असूनही घरांजवळची पातळी वर चढलेली दिसेल. तिसऱ्या वेळी पन्हळीच्या तळाशी ओल्या वाळूचा थर द्यावा, हा गाळ. धार तीच, भरती तीच, तरी पाणी आणखी वर येईल. वरून येणारे पाणी वाढले नाही तरी, खाली जाण्याची वाट अडली की पूर चढतो, हा धडा या तीन आकड्यांतून मिळतो. पूर का आला, याचे एकच कारण शोधण्याची घाई करू नये, हेही त्यातून कळते.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील दर्यावर्दी मंडळींचा एक जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणून सकाळी व रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती. यामागे शास्त्र आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास हे त्याच्या जवळचे, तोंडी हिशेबाला सोपे माप. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकाच रेषेत येते व भरती मोठी होते. तिलाच उधाण म्हणतात.

२०२१ मध्ये आषाढी एकादशी २० जुलै रोजी व गुरुपौर्णिमा २४ जुलै रोजी होती. पुराचा दिवस, २२ जुलै, हा त्रयोदशीचा. म्हणजे उधाण जवळ आलेले होते. तेराची पाऊणपट पावणेदहा होते. हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः मांडावे आणि त्या दिवशी पाणी कोणत्या प्रहरी चढले व केव्हा उतरू लागले, हे घरातील मोठ्यांना विचारून त्याशी ताडून पाहावे. मात्र खाडीच्या मुखाशी आलेली भरती आत सरकण्यास वेळ लागतो, त्यामुळे गोवळकोटजवळ ती दाभोळपेक्षा उशिरा पोचते, हे लक्षात घ्यावे.

चौथा प्रकल्प : पाण्याच्या नळीने पूरखुणांची मोजणी

पाचही प्रकल्पांत हा सर्वांत उपयुक्त होय. शहरातील अनेक भिंतींवर पुराच्या पाण्याची खूण राहिलेली असते, किंवा पाणी कोठवर आले होते ते घरमालक हात लावून दाखवितात. ही खूण शाळेच्या भिंतीवर कोणत्या उंचीला येईल, हे शोधण्यासाठी गवंडीकाम करणारे कारागीर वापरतात ती पारदर्शक नळी पुरेशी आहे.

दहा मीटर लांबीची नळी घेऊन तीत रंगीत पाणी भरावे. दोन्ही टोकांशी साधारण हातभर जागा मोकळी ठेवावी. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. बुडबुडा राहिल्यास माप खात्रीने चुकते. दोन्ही टोके शेजारी धरून पाणी समान उंचीवर येते की नाही, हे प्रथम तपासावे. मग एका विद्यार्थ्याने नळीचे एक टोक पूरखुणेजवळ व दुसऱ्याने दुसरे टोक पुढच्या भिंतीजवळ किंवा काठीजवळ धरावे. पहिल्या टोकातील पाणी पूरखुणेशी आले की दुसऱ्या टोकातील पाणी नेमके तेवढ्याच उंचीवर असते. तेथे खडूने खूण करावी. पाणी आपली पातळी स्वतःच गाठते, या एका गुणावर हे साधन चालते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ या. रस्त्यालगतच्या भिंतीवर पूरखूण जमिनीपासून १५० सेंटिमीटर उंच आहे. नळीने नेलेली हीच पातळी शाळेच्या व्हरांड्यावर ६० सेंटिमीटर उंचीला येते. याचा अर्थ व्हरांडा रस्त्यापेक्षा ९० सेंटिमीटर उंच आहे आणि तसाच पूर पुन्हा आल्यास व्हरांड्यात ६० सेंटिमीटर पाणी असेल. शाळा दूर असल्यास दहा-दहा मीटरचे टप्पे करीत पुढे जावे. प्रत्येक टप्प्यात थोडी चूक होते व ती साचत जाते. म्हणून त्याच मार्गाने परत फिरून मूळ खुणेशी यावे. परतीची खूण मूळ खुणेपासून जेवढी सरकली असेल, तेवढी मोजणीतील एकूण चूक समजावी. ती पाच सेंटिमीटरहून अधिक भरल्यास मोजणी पुन्हा करावी. वाहत्या पुराचा पृष्ठभाग तंतोतंत सपाट नसतो, त्यामुळे हे माप एकाच आळीपुरते किंवा वाडीपुरते वापरावे. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास नेऊ नये.

मोजणी संपल्यावर आळीचा नकाशा काढून त्यावर प्रत्येक घराच्या जोत्याची पूरखुणेपासूनची उंची लिहावी. सखल जागा निळ्या व उंच जागा हिरव्या रंगाने दाखवाव्यात. शाळेतून घरी जाण्याचा कोणता रस्ता आधी पाण्याखाली जातो व कोणता शेवटपर्यंत कोरडा राहतो, हे या नकाशावरून कळेल. शाळेच्या भिंतीवर पूरपातळीची ठळक रेघ ओढावी. हजेरीपत्रके, दाखल्यांचे दप्तर, ग्रंथालयातील दुर्मीळ पुस्तके आणि प्रयोगशाळेतील उपकरणे पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्या रेघेच्या वर ठेवण्याचा नियम करावा. भिजून गेलेला कागद परत मिळविणे किती अवघड असते, हे ज्या शहराने दोनदा पाहिले, तेथे या रेघेचे मोल वेगळे सांगावयास नको.

पाचवा प्रकल्प : तरंगती घंटा

रात्री पाणी चढू लागल्यास झोपलेल्या माणसांना जागे करणारे साधन हा मुलांना विशेष आवडणारा प्रयोग आहे. एक उभी बाटली वरून कापून तिच्या बुडाजवळ तीन-चार भोके पाडावीत. आत बुचाचा सैलसर बसणारा तुकडा सोडावा व त्याच्या वरच्या बाजूस चॉकलेटच्या वेष्टनातील धातूचा चकचकीत पातळ कागद चिकटवावा. बाटलीच्या वरच्या भागात दोन तारांची सोललेली टोके एकमेकांना न लागतील अशी, पण एकाच उंचीवर बसवावीत. तारांची उरलेली टोके दोन सेल व एक छोटा बझर यांना जोडावीत. पाणी भोकांतून आत शिरले की बूच वर उचलले जाते, धातूचा कागद दोन्ही तारांना टेकतो, मंडल पूर्ण होते आणि बझर वाजू लागतो. बझर न मिळाल्यास टॉर्चचा दिवा लावावा.

प्रथम हे साधन बादलीत ठेवून, हळूहळू पाणी ओतून तपासावे. तारांची टोके कमीअधिक उंचीवर बसवून किती सेंटिमीटर पाण्याला घंटा वाजते, याची नोंद करावी. अंगणातील सखल कोपऱ्यात किंवा जोत्याच्या पहिल्या पायरीशी ते बांधता येते. सेल दमट हवेत लवकर निकामी होतात. म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरात उंचावर ठेवावेत आणि दर रविवारी तार टेकवून घंटा वाजवून पाहावी. हे शिकण्याचे साधन आहे, याचे भान सुटू देऊ नये. प्रशासनाकडून धोक्याची सूचना मिळाल्यावर आपली घंटा अजून वाजली नाही, म्हणून कोणीही थांबून राहता कामा नये.

वर्षाचा क्रम

हे पाचही प्रकल्प एकदम हाती घेण्याऐवजी ऋतुमानानुसार वाटून घ्यावेत. एप्रिल-मे महिन्यांत जमीन कोरडी असताना नळीची मोजणी व नकाशा पूर्ण करावा. मृग नक्षत्रापूर्वी पर्जन्यमापक बसवावा. जून ते सप्टेंबर वहीची शिस्त पाळावी. दिवाळीच्या सुटीनंतर पन्हळीचा व घंटेचा प्रयोग वर्गात करावा. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केलेल्या शोधाच्या स्मरणार्थ १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या प्रदर्शनात आकर्षक प्रतिकृतींबरोबर पावसाची वही आणि आळीचा नकाशा ठेवावा व पालकांना तो समजावून सांगण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे.

प्रदर्शन आटोपले की वही कपाटात बंद होऊ नये. पुढच्या वर्षीच्या वर्गाने तिच्यातील शेवटच्या ओळीखाली आपली पहिली ओळ लिहावी. दहा वर्षे अशी वही चालली, तर त्या शाळेपाशी आपल्या वाडीच्या पावसाचा स्वतःचा पुरावा तयार होईल आणि गटाराची रुंदी किती असावी, मोरी कोठे बांधावी, नव्या घराचे जोते किती उंच घ्यावे, अशा प्रश्नांवर ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत बोलताना मोठ्यांच्या हाती आठवणींच्या जोडीला आकडेही असतील.